सदर शब्दाचा मूळ अर्थ

८ जानेवारी

आज कॉलेजच्या ग्रंथालयात नको तो प्रकार झाला. मी मागच्या बाजूला कोशांच्या कपाटापाशी होतो. पुढं टेबलावर उज्वला. हिचा नवरा बालाजी आमच्याच ग्रंथालयात परिचर होता. दीड वर्षापूर्वी लोह्याजवळ अपघातात गेला, आणि संस्थेनं अनुकंपा तत्त्वावर त्याच्या जागी हिला घेतलं. माहेर नांदेडकडचं, विष्णुपुरीचं. लातूरला नवी नोकरी लागली तेव्हा मान खाली घालून बसायची. आता तशी बसत नाही.

कार्यालय अधीक्षक श्रीमंत दोन शिपायांना घेऊन आले. नातवाचं, शिवांशचं, जावळ आहे म्हणून अभ्यासिकेतल्या खुर्च्या घरी न्यायच्या होत्या. उज्वला म्हणाली, "पोरं अभ्यासाला बसलेत सर. खुर्च्या देता येत नाहीत. प्राचार्यांचं पत्र आणा."

'पत्र आणा' हे त्यांना लागलं असावं. ते जे म्हणाले ते इथं तरी जसंच्या तसं लिहितो.

"ए रांडं, नवरा खाऊन त्याच्या खुर्चीवर बसलीस, आन् मला खुर्च्यांचे कायदे शिकवायलीस?"

मी काढलेला खंड हातात धरून उभा होतो. पुढं जावं असं वाटलं. जाऊन काय बोलणार, असंही वाटलं. श्रीमंत म्हणजे संस्थेचे सचिव धोंडप्पा यांचे सख्खे मेहुणे. शिपाई खुर्च्या उचलायला लागले, तसा मी मागच्या दारानं बाहेर पडलो. निघताना उज्वलानं वळून पाहिलं. मला पाहिलं की नाही, सांगता येत नाही.

१२ जानेवारी

उज्वलानं अंतर्गत तक्रार समितीकडं लेखी तक्रार दिली. कॉलेजात दुसरा विषय नाही. श्रीमंतांचं म्हणणं असं: शब्द तोंडातून गेला, नाही म्हणत नाही, पण 'विधवा' या अर्थानं गेला, आणि ती विधवा आहेच. पुढचं वाक्य आपण बोललोच नाही. अभ्यासिकेतल्या दोन पोरांनी साक्षीदार म्हणून नावं दिली होती. आज काढून घेतली.

संध्याकाळी अप्पांनी, म्हणजे धोंडप्पांनी, आडतीवर बोलावलं. सोयाबीनच्या पोत्यांत गादीवर बसले होते. चहा आला.

"रामलिंग, तू भाषेचा मानूस. तो शबूद मुळात शिवी हाय का न्हाई, एवढं अभ्यास करून लिहून दे समितीला. खोटं लिही म्हणत न्हाई मी."

"बघतो अप्पा."

"तुझं नाव मीच सुचवलं. मराठी विभागाचा प्रमुख हायस, बाहेरचा कशाला बोलवायचा?" थोडं थांबून म्हणाले, "फेब्रुवारीत प्राचार्य रिटायर व्हायलेत. आपलं म्हणावं असं मानूस खुर्चीवर पायजे."

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. अप्पांनीही तो लावला नाही. एकामागून एक बोलले, इतकंच.

त्या दिवशी मी ग्रंथालयात हजर होतो हे अप्पांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. आणि मला साक्षीदार म्हणून नव्हे, तज्ज्ञ म्हणून बोलावलंय.

१४ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी. दिवसभर कोश उघडून बसलो. खरं सांगायचं तर कित्येक वर्षांत इतकी मजा आली नव्हती. वर्गात तेच ते पाठ शिकवून डोकं गंजून जातं.

संस्कृतात रण्ड म्हणजे छाटलेला, खुंटलेला, अपंग. त्यावरून रण्डा, जिचा आधार तुटला ती, विधवा. तिथून मराठीत रांड. रंडकी, रांडाव, रंडापण, सगळीकडं वैधव्यच. हिंदीतला राँड म्हणजेही विधवा. कानडीत 'मुंडे', तेलुगूत 'मुंडा'. बोडक्या डोक्यावरून आलेले शब्द, तेही विधवाच. उदगीर, देगलूर, किनवट असा तीन भाषांचा शेजार लाभलेल्या माणसानंच हा शब्द तपासावा.

कोशात पुढं आणखी एक अर्थ आहे: बाईला उद्देशून वापरायची शिवी. म्हणजे संस्कृतातच शिवी होती म्हणायची. पण तो घेतला तर विवेचन लांबतं. मूळ अर्थापुरतं ठेवावं.

विधवेवरून अर्थ वेश्येकडं कसा गेला, हा प्रश्न उरतो. 'नवरा नसलेली बाई ही कुणाचीही, असं समाज समजत आला,' असं वाक्य लिहिलं. मग खोडलं. ते मतप्रदर्शन होतं.

अव्वालाही विचारलं. माझी आई गौरम्मा, माहेर बिदरकडचं, वय झालं तरी कान तल्लख. म्हटलं, "अव्वा, बाबा गेल्यावर तुला कुणी रांड म्हणायचं का गं?"

ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "गेल्यावर न्हाई."

"मग?"

"आधी म्हनले. लगीन होऊन आले तव्हा, तिसऱ्या म्हैन्यात. हिरीवर धुनं धुता धुता गानं म्हनत व्हते. तुझ्या आज्जीनं बांधावरून हाक मारली, त्याच नावानं."

"पण तेव्हा तू विधवा नव्हतीस."

"तुझा बाप तिथंच मोट हाकत व्हता."

"आणि ते गेल्यावर?"

"गेल्यावर कशाला म्हनतील? कपाळ बगून समजतंयच की. बोलायचं काय काम?"

अव्वाचं हे उदाहरण मूळ अर्थाला छेद देतं. अपवाद म्हणून सोडून दिलं.

१६ जानेवारी

आज एक उत्तम पुरावा आपोआप हाती आला. माझी बायको सिंधु फोनवर तिच्या बहिणीशी, शिवकन्याशी बोलत होती. सुरुवातच अशी: "काय गं रांडं, जित्ती हायस का मेलीस? फोन न्हाई, काई न्हाई." पलीकडूनही तसलंच उत्तर आलं असणार, कारण ती पदर तोंडात घालून हसायला लागली.

म्हणजे शब्दात मायाही आहे. गावाकडं आजोबा नातवाला 'रांडेच्या' म्हणतात ते रागानं थोडंच? लगेच लिहून घेतलं: 'प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबातील सुशिक्षित स्त्रियाही परस्परांना सदर शब्दाने सस्नेह संबोधतात.' परिच्छेद झकास जमला.

१८ जानेवारी

घरी हळदीकुंकू. गल्लीतल्या बायका येऊन गेल्या. अव्वा आतल्या खोलीत बसून होती. तिला गर्दी आवडत नाही.

सिंधुनं सकाळी विचारलं होतं, "उज्वलाला बोलवू का?" म्हटलं, सध्या प्रकरण चालू आहे, बरं दिसणार नाही. "आणि तशीही..." एवढंच म्हणालो.

"तशीही काय?"

मी कोशात डोकं घातलं. बायका गेल्यावर वाणाच्या वाट्या आवरता आवरता म्हणाली, "तुमचा तो अभ्यास कुठवर आला? बायको मेलेल्या माणसाला काय म्हणतात हो?"

"विधुर."

"ती शिवी आहे?"

"नाही."

"का?"

प्रश्न चांगला होता. "त्यावर अजून अभ्यास झालेला नाही," म्हणालो.

ती "बरं" म्हणाली. वाणाची एक वाटी आत अव्वाला देऊन आली.

२१ जानेवारी

उज्वला विभागात आली. मी एकटाच होतो. दार उघडंच ठेवून उभी राहिली.

"सर, तुम्ही त्या दिवशी कोशांच्या कपाटामागं होतात."

"मी येत-जात असतो तिथं."

"मी बघितलं तुम्हाला. पोरं फुटली, त्यांचं काय, परीक्षा द्यायच्यात त्यांना. तुम्ही सांगितलं तर मानतील सगळे." आवाज चढवला नाही तिनं. "वाढवून सांगू नका सर. ऐकलं तेवढं सांगा."

"मला समितीनं वेगळ्या कामासाठी बोलावलंय, उज्वला."

"हाव, माहीत आहे मला. शब्दाचा अर्थ सांगायला." मग म्हणाली, "सासू म्हणायली, तक्रार मागं घे, घराचं नाव खराब व्हायलंय. ते बोलले तेव्हा खराब झालं नव्हतं. मी लिहिलं तेव्हा झालं."

"बघू," म्हणालो.

आपण ऐकलं हे खरं. पण ऐकलं तेच शब्द, त्याच क्रमानं होते का? माणसाची आठवण फसवी असते. आठ तारखेचं पान उलटून पाहिलं. क्रम तोच आहे. भीती वाटली हेही लिहून ठेवतो. कशाची ते नेमकं सांगता येत नाही. अप्पांची म्हणावी, तर ते माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोललेलेसुद्धा नाहीत.

२३ जानेवारी

सुनावणी झाली. प्राचार्यांच्या दालनाशेजारची खोली. समितीच्या अध्यक्ष आमच्याच भौतिकशास्त्राच्या मॅडम, दोन प्राध्यापक आणि बाहेरच्या सदस्य म्हणून एक वकीलबाई. एका बाजूला श्रीमंत, दुसऱ्या बाजूला उज्वला.

मी अहवाल वाचला. व्युत्पत्ती, शेजारच्या भाषा, लोकव्यवहार. वाचताना एक गोष्ट लक्षात आली. मी सगळीकडं 'सदर शब्द' असंच म्हणत होतो. कागदावर मूळ शब्द दोन-चार ठिकाणी होता, तिथंही जीभ आपोआप 'सदर शब्द'वर जायची. भाषेच्या माणसानं असं अडखळू नये.

वकीलबाईंनी ते पकडलं. "सर, तुमच्या मते शब्द निरुपद्रवी आहे. मग उच्चारत का नाही आहात?"

"सभेचं औचित्य," म्हणालो.

"बरं. आज, या शहरात, एका पुरुषानं कामावरच्या बाईला हा शब्द वापरला तर त्याचा अर्थ काय?"

"ते संदर्भावर अवलंबून आहे."

तेव्हा उज्वला बोलली. "संदर्भ सरांना माहीत आहे. सर तिथं होते. त्यांना विचारा, मला पुढं काय म्हणले."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. श्रीमंतांनीही. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरलेला दिसला. मी तिथं होतो हे त्यांना माहीत नव्हतं. अर्धा मिनिट त्या माणसाचं सगळं माझ्या हातात होतं. ही जाणीव विचित्र असते.

मी म्हणालो, "मला इथं शब्दाचा अर्थ सांगण्यासाठी बोलावलंय. घटनेबद्दल मी काही सांगू शकत नाही."

वकीलबाई म्हणाल्या, "सांगू शकत नाही, की सांगायचं नाही?"

अध्यक्ष मॅडमनी घड्याळ पाहिलं. म्हणाल्या, सरांची भूमिका तज्ज्ञाची आहे, तीच राहू द्यावी.

उज्वला रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, असं उगीच वाटून गेलं. ती माझ्याकडं बघत राहिली. राग म्हणावा तर तसंही नाही. पुस्तक हरवलं हे कळल्यावर रिकाम्या जागेकडं बघतात तसं.

२४ जानेवारी

इतिवृत्त सहीला आलं. 'तज्ज्ञांना घटनेची माहिती नाही,' असं लिहिलंय. मी तसं म्हटलं नव्हतं. दुरुस्ती सुचवायची म्हटलं तर पुन्हा सगळं उघडावं लागलं असतं. सही केली.

२ फेब्रुवारी

निकाल: 'सदर शब्द स्थानिक बोलीत प्रचलित असून मूलतः वैधव्यदर्शक आहे. अपमानाचा हेतू सिद्ध होत नाही. संबंधितांनी यापुढे सौम्य भाषा वापरावी.' संबंधितांनी, म्हणजे दोघांनीही. वकीलबाईंनी वेगळं मत नोंदवलंय. चारांत एक.

श्रीमंत विभागात पेढे घेऊन आले. जावळाचे राहिले होते म्हणाले. मी एक घेतला.

५ फेब्रुवारी

सिंधु गंजगोलाईत भाजीला गेली होती. तिथं भौतिकच्या मॅडम भेटल्या आणि हसत म्हणाल्या, "तुमचं उदाहरण फार उपयोगी पडलं हो आम्हाला." घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, "मी शिवकन्याशी फोनवर बोलले ते तुम्ही तिथं लिहिलं?"

"नाव नाही घातलं. 'कुटुंबातील स्त्रिया' असं आहे."

"तुमच्या कुटुंबात किती बायका हायत?"

मी समजावलं, की भाषेचा पुरावा हा कुणाचा खाजगी नसतो, आणि त्यात तिची बदनामी कुठंच नाही, उलट स्नेह दाखवलाय. तिनं ऐकून घेतलं.

"ते आमचं होतं," एवढंच म्हणाली. "तुम्ही नेऊन त्याला दिलं."

संध्याकाळी शिवकन्याचा फोन आला. सिंधु म्हणाली, "हां, बोल. बरी आहेस ना?" पाच मिनिटांत फोन ठेवला.

१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. सिद्धेश्वराच्या यात्रेत गेलो. पाळण्यांपाशी आमच्या तृतीय वर्षाची पोरं उभी होती. पुढून पोरींचा घोळका गेला, तसं एकानं तो शब्द मोठ्यानं फेकला. पोरी वळल्या. त्याला मी दिसलो. जीभ चावण्याऐवजी हात जोडून म्हणाला, "शरणार्थ सर! मूळ अर्थानं म्हणलो, मूळ अर्थानं!" सगळी खिदळली.

रागावायला हवं होतं. पण माझ्या लेखनाची पोरांपर्यंत इतकी चर्चा झाली, याचं थोडं नवलही वाटलं. पोरींतली एक माझ्या वर्गात बसते. पहिल्या बाकावर. ती हसत नव्हती.

२ मार्च

आजपासून प्रभारी प्राचार्य. हार, नारळ, शाल. अप्पा भाषणात म्हणाले, "आपले रामलिंग सर अभ्यासू, आन् शब्दाला जागणारे." टाळ्या.

अव्वाच्या पाया पडलो. तिनं डोक्यावर हात ठेवला. सिंधु कार्यक्रमाला आली नाही, डोकं दुखत होतं.

९ मार्च

टेबलावर बदलीचे आदेश होते. त्यात उज्वलाचा: संस्थेच्या किनवटच्या आश्रमशाळेचं वाचनालय. संस्थेचा ठराव आधीच झालेला, माझी फक्त सही. सासू लातूरला, नोकरी पार जंगलाच्या टोकाला. विष्णुपुरी वाटेवर पडतं, माहेर तरी जवळ येईल तिला, असा विचार केला. शिवाय इथलं वातावरण तिलाही जड जात असणार.

आदेश घ्यायला आली तेव्हा मी म्हणालो, "मनात काही ठेवू नका. हवापालट होईल."

तिनं पोच दिली. मग म्हणाली, "सर, तुमचा अहवाल वाचला मी. प्रत मिळाली होती मला. मराठी चांगलं आहे."

"धन्यवाद," म्हणून गेलो मी. सवयीनं. ती बाहेर गेल्यावर तो शब्द कानात राहिला, माझाच.

२८ जून

ग्रंथालयात उज्वलाच्या जागी नवीन मुलगी लागून आठवडा झाला. आरती. किल्लारीची, जेमतेम बावीस-तेवीसची, कंत्राटी. आज दालनाच्या दारात घुटमळत होती. आत बोलावलं.

"सर, श्रीमंत सर मला..."

"काय म्हणाले?"

"तो शब्द."

"कोणत्या संदर्भात?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं ती सांगेल. मी पेनही हातात घेतलं होतं.

"माझं तर लग्नसुद्धा झालं नाही, सर," ती म्हणाली. मग तिचं तिलाच काही उमजल्यासारखं झालं. "ग्रंथालयातले काका म्हणले, तुमच्याकडं जाऊ नको म्हणून. तुम्हीच लिहून दिलंय म्हणं, त्याचा अर्थ वाईट नसतो."

"मूळ अर्थ," मी म्हणालो.

"हाव सर."

"तुम्ही लेखी द्या. मी समितीकडं पाठवतो."

"नको सर. ठीक आहे." ओढणी सावरत निघून गेली. दार अलगद लावलं तिनं, आवाज होऊ नये असं.

थांबवायला हवं होतं का? पण लेखी तक्रार नसताना प्राचार्यानं काय करायचं असतं? नियम तपासले. काही करता येत नाही.

दुपारी वार्षिक अहवालाचा मसुदा पुरा केला. 'महिला कर्मचाऱ्यांच्या तक्रारी' या रकान्यात जानेवारीचं प्रकरण निकाली निघाल्याचं लिहिलं, त्यानंतर निरंक. एकंदर शिस्त सुधारली आहे असं म्हणायला हरकत नाही.

घरी आलो तर सिंधु आणि अव्वा ओसरीवर बसल्या होत्या. सिंधु उदगीरची, अव्वाशी कानडीतच बोलते. अव्वा काहीतरी सांगत होती आणि सिंधु हसून हसून भिंतीला टेकली होती. कित्येक महिन्यांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला बरं वाटलं. फाटक उघडलं, तशा दोघी गप्प झाल्या.

"काय चाललंय?" मीही हसून विचारलं. "मलाही सांगा की."

सिंधु पाणी आणायला उठली. अव्वानं पदर डोक्यावर घेतला.

"काई न्हाई," ती म्हणाली. "तू लिहून घेशील."

मी हातपाय धुवायला आत गेलो. नळ बंद केला तेव्हा बाहेर पुन्हा हसणं सुरू झालं होतं.